हगवणीचा माग

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत वऱ्हाडात अभ्यासाला येणाऱ्यांची रीघ लागली होती. दिल्लीहून समित्या येत, मुंबईहून कॅमेरे येत, पुण्याहून पोरंपोरी पाठीला सॅक लावून येत. सगळे कापसाच्या शेतात तोंड पाडून उभे राहत, फोटो काढून घेत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. मीही अभ्यासच करत होते, पण माझा अभ्यास वासरांच्या हगवणीचा असल्यामुळे माझा फोटो कुणी काढला नाही.

अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत मी संशोधन सहायक होते. काम सांगायला सोपं होतं. जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात वासराला पातळ हगवण लागते, अंगातलं पाणी निघून जातं, डोळे खोल जातात आणि पुष्कळदा ते मरतं. यामागे बऱ्याच वेळा एक विषाणू असतो आणि त्या विषाणूचे प्रकार अनेक असतात. कुठल्या गोठ्यात कुठला प्रकार आहे आणि तो तिथे कुठून आला, याचा माग मला काढायचा होता. त्यासाठी दर्यापूर, बाळापूर, चांदूर रेल्वे असं जीपने हिंडायचं, हातमोजा चढवायचा, वासराच्या शेपटीखाली बोट घालायचं आणि हाती येईल ते बाटलीत भरून बर्फाच्या थर्मासातून अकोल्याला आणायचं. जीपमधल्या बाया थर्मासाकडे पाहून विचारत, "चाय हाय का बाई त्याच्यात?" मी खरं काय ते सांगितलं की माझ्या शेजारची जागा रिकामी व्हायची. मग मी खुशाल पाय पसरून बसायची.

आमचे सर विभागाचे प्रमुख होते. ते हगवण हा शब्द उच्चारत नसत, अतिसार म्हणत, आणि तोही रुमाल नाकाशी धरून. गोठ्यात ते शेवटचे कधी गेले होते हे त्यांना स्वतःलाही आठवलं नसतं. नमुन्यांच्या फ्रिजमध्ये ते घरून आणलेलं दही ठेवत आणि वर मलाच स्वच्छतेचे धडे देत. त्यांना विषाणूचा एक नवा प्रकार, नवा स्ट्रेन हवा होता. वासरं मरतात याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण ती जुन्याच स्ट्रेनने मरतात याचं जास्त वाईट वाटत होतं. नवा सापडला तर परदेशातल्या परिषदेत पेपर वाचता येणार होता, आणि त्या परिषदेसाठीचा कोट त्यांनी आधीच शिवून ठेवला होता.

अशातच कुणाच्या तरी डोक्यात आलं की वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांना गाई द्याव्यात. कापूस पिकवणाऱ्या माणसाला कापसाचं काय ते विचारण्यापेक्षा गाय देणं सोपं असावं. गाईसुद्धा इथल्या काटक गावरान नव्हेत. लांबच्या प्रांतातून ट्रकमध्ये कोंबून आणलेल्या, थोराड हाडाच्या, काळ्यापांढऱ्या संकरित गाई होत्या त्या. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस कूलरपुढे मेल्यासारखा पडतो, तिथे या गाई काय करणार होत्या? दर्यापूर तर खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी असं खारट की त्या गाई हौदात तोंड घालत, फुरफुरत आणि मागे सरत. समोर तुरीचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, टाकलं तर त्याकडे पाहतसुद्धा नसत. मला त्या गाईंची अक्कल ती योजना आखणाऱ्यांपेक्षा बरी वाटली होती.

वाटपाचा कार्यक्रम दर्यापूरला ठरला. मंडप पडला, कमानी लागल्या, गाईंच्या शिंगांना रंग लागला. पण गाई वाटायला येणाऱ्या बड्या पाहुण्यांना सवड होईना. आज येणार, उद्या येणार असं चाललं होतं, आणि तोवर सगळ्या गाई मंडपामागच्या मैदानात दाटीवाटीने बांधून ठेवलेल्या. पुष्कळशा भरल्या दिवसांच्या होत्या. गाय काही पाहुण्यांची तारीख विचारून वीत नाही. एकामागून एक गाई तिथेच, त्याच चिखलात व्याल्या. जागा पुरेना तेव्हा योजना राबवणाऱ्या साहेबांनी गावातल्या एका दूधवाल्याला गाठलं, त्याचा तबेला मोठा होता. व्यालेल्या काही गाई वासरांसकट त्याच्याकडे बांधल्या. त्याने नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, कारण साहेबांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

अखेर पाहुणे आले. आमच्या सरांनाही पुढच्या रांगेत खुर्ची होती, म्हणून मीही थर्मास घेऊन हजर. भाषणं झाली. त्यानंतर स्टीलच्या ताटल्यांतून वेलची घातलेला, पांढराशुभ्र, थरथरता खरवस फिरायला लागला. साहेब छाती पुढे काढून प्रत्येकाला सांगत होते की हा आपल्या योजनेचा पहिला खरवस. मैदानात व्यालेल्या गाईंचा चीक त्यांनी खास काढून ठेवायला सांगितला होता. आमच्याकडे गाय व्याली की खरवस शेजारीपाजारी वाटायची रीत आहे, मोठ्या माणसाकडे तर तो आधी जातो. साहेबांनी ती रीत सरकारी खर्चाने पाळली.

आता खरवस कशाचा होतो? गाईच्या पहिल्या चिकाचा. आणि त्या चिकात वासराचं सगळं संरक्षण असतं. पहिल्या काही तासांत तो पोटात गेला तर वासरू या विषाणूपुढे उभं राहतं, नाही गेला तर आडवं होतं. हे पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं. मंडपात निदान डझनभर पदवीधर पशुवैद्य बसले होते आणि सगळे चमच्याने खरवस खात होते. एकाने तर दुसऱ्यांदा मागून घेतला. मी साहेबांना विचारलं, "वासरांना चीक पाजला का?" साहेब म्हणाले, "जार पडल्यावर पाजला की. आधी कसा पाजणार?" हाही आमच्याकडचा एक समज. गाईची जार, म्हणजे व्याल्यानंतरची वार, पडल्याशिवाय वासराला आचळाला तोंड लावू द्यायचं नाही, मग ते किती का हंबरेना. अडाणी म्हातारीने असं म्हटलं असतं तर मी तिच्याशेजारी बसून समजावलं असतं. या माणसाच्या दारावर पदव्यांची पाटी होती.

मंडपामागे गेले तर वासरांच्या शेपट्या पिवळ्या झालेल्या. काही तर कार्यक्रमासाठी अंथरलेल्या लाल जाजमाच्या टोकावरच हगत होती, आणि एक शिपाई त्यावर रांगोळीची भुकटी टाकून डाग झाकत होता. मी बसून एकेकाचा नमुना घेतला. पुढे त्याच गाई, तीच वासरं, तबेल्यात बांधलेलीसुद्धा, टेम्पोत चढवून गावोगाव रवाना झाली.

त्यानंतर तालुक्यात हगवणीचा धिंगाणा सुरू झाला. वाटलेल्या गाईंची वासरं आधी गेली. मग शेजारच्या गोठ्यांतली, ज्यांनी ट्रकचं तोंडही पाहिलं नव्हतं अशी गावरान वासरं आडवी पडायला लागली. लोक बोंब मारायला लागले तेव्हा योजनेच्या साहेबांना एकदम उलगडा झाला. रोग दूधवाल्याच्या तबेल्यातून निघाला! तो बाजारात कुठलीही जनावरं घेतो, कुठलीही विकतो, तिथेच हा रोग होता, आणि आपल्या निरोगी गाईंना तो तिथेच लागला. हे सांगताना साहेब "त्याच्या तबेल्यातून" हा शब्द जरा वेगळ्याच सुरात म्हणत आणि ऐकणारे माना हलवत. दूधवाला मुसलमान होता, त्यामुळे पुढचं काही बोलावं लागत नव्हतं. तबेल्याच्या दारावर नोटीस लागली. जनावरं बाहेर न्यायची नाहीत, दूध विकायचं नाही.

मला हुकूम झाला की तबेल्यात जाऊन नमुने घ्या आणि रोग तिथलाच असल्याचं सिद्ध करा. साहेबांना संशोधनही तयार मालासारखं हवं होतं. आमचे सर तर खुशीत होते. "तबेल्यात मिसळलेली जनावरं आहेत," ते म्हणाले, "नवा स्ट्रेन असेल तर तिथेच असेल."

तो दूधवाला काही साधा भोळा सज्जन नव्हता, हे सांगून टाकते. मेंदीने लाल केलेली दाढी, आवाज भोंग्यासारखा, आणि भांडण हा त्याचा छंद. शेजाऱ्याशी गटारीवरून, मशिदीच्या पंचांशी दिव्यांवरून, आणि ज्याला दूध घालायचा त्या प्रत्येकाशी मापावरून त्याचं वाजलेलं. त्याच्या दुधाचा चहा केला तर कपाचा तळ दिसायचा. त्याच्याकडे बरीच वासरं असायची म्हणून मी पूर्वीपासून तिथे नमुन्यांना जात होते. दर वेळी तो मला विज्ञानावर व्याख्यान द्यायचा, आणि त्यातलं एक अक्षरही बरोबर नसायचं.

त्या दिवशी मात्र तबेल्यात नेहमीचा गलका नव्हता. त्याच्या स्वतःच्या म्हशी-गाईंचं दूध काढून पोरं गटारीत ओतत होती, कारण न काढावं तर जनावराचा सड सुजतो. कोपऱ्यात त्याची दोन वासरं मरून पडली होती. ती त्याच्या घरच्या गाईंची होती.

"मॅडम, दुधात मी पानी घालतो," तो म्हणाला. "घालतो, मान्य हाय. सारं दर्यापूर जानते. पन बीमारी नाई घालत. ह्या गाई माह्या घरी कोनं आनून बांधल्या? मी मांगाले गेलतो का?"

"साहेब म्हणतात रोग इथलाच."

"सायबाले कसं समजलं? त्याईनं काय वासराले इचारलं?" आणि मग, त्याच्या मानाने हळू आवाजात, "माह्या बापानं हे चालू केलं. घरोघर दूध घालनाऱ्याच्या दारावर रोगाचा कागद लागला त मंग तो काय विकीन? मले दुसरं काई नको. तुमची मशीन काय सांगते ते फकत खरं सांगजा."

मी नमुने घेतले आणि अकोल्याला परतले.

प्रयोगशाळेत भारनियमन होतं. दिवसातून कितीतरी वेळ वीज नाही, आणि माझी तपासणी सगळी विजेवर. या विषाणूच्या आत जनुकांचे अकरा तुकडे असतात. ते एका पातळ जेलीच्या वडीत घालून वीज सोडली की लहान तुकडे पुढे धावतात, मोठे मागे रेंगाळतात, आणि चांदीच्या क्षाराने रंगवलं की शिडीच्या पायऱ्यांसारखे अकरा पट्टे उमटतात. पायऱ्यांमधलं अंतर प्रत्येक प्रकाराचं निराळं. अर्ध्यात वीज गेली की पट्टे फिसकटून सगळं पुन्हा पहिल्यापासून. जनरेटर होता, पण त्यातलं डिझेल सरांच्या खोलीतल्या एसीसाठी राखून ठेवलेलं असायचं. मी विजेची वेळ धरून काम करत राहिले, रडकुंडीला आले, दोन-चारदा जेली फेकून दिली, आणि शेवटी पट्टे उमटले.

फ्रिजरमध्ये माझ्याकडे तबेल्याचे जुने नमुने होते, गाईंचे ट्रक येण्याच्या आधीचे. त्यांचे पट्टे एका तऱ्हेचे. मंडपामागे घेतलेल्या वासरांचे पट्टे स्पष्टच वेगळे. गावोगावच्या मेलेल्या वासरांचे पट्टे मंडपातल्यासारखे, हुबेहूब. तबेल्यात नुकत्याच मेलेल्या त्याच्या घरच्या वासरांचेही तेच. त्याचा जुना प्रकार तालुक्यात कुठेही गेलेला नव्हता. रोग मंडपाच्या मैदानातून निघाला होता, तबेल्यात शिरला होता आणि टेम्पोत बसून गावोगाव गेला होता. ज्याच्या दारावर नोटीस होती, त्याच्याच घरी तो साहेबांनी आणून बांधला होता.

मी सरांना दाखवलं. त्यांचे डोळे चमकले. "दोन निराळे पॅटर्न! वा, पेपर झाला!" मी म्हटलं, सर, तो माणूस दूध गटारीत ओततोय, आधी साहेबांना कळवायला हवं. सर म्हणाले की छापून येईपर्यंत निकाल बाहेर सांगणं शास्त्रीय शिस्तीत बसत नाही. शास्त्रीय शिस्त त्यांना अशीच अडीनडीला आठवायची.

पण अमरावतीला बैठक होती आणि तिथे सरांना बोलायचं होतं. बैठकीची खोली गार होती, बाहेर भारनियमन चालू असताना आत पडदे ओढून दिवे लावलेले. सरांनी पडद्यावर माझे पट्टे दाखवले, अर्धा तास बोलले, आणि अधिक संशोधनाची गरज आहे असं सांगून बसले. रोग कुठून कुठे गेला हे त्यांनी सांगितलंच नाही. मला त्या क्षणी त्यांची मनापासून किळस आली. मी उभी राहिले आणि सांगितलं. तबेल्यातला जुना विषाणू वेगळा होता, वासरं मारणारा हा मंडपातून गेला, आणि वासरांना चीक मिळाला असता तर इतकी मेली नसती.

योजनेच्या साहेबांनी चष्मा पुसला. "मॅडम, मंडपातून म्हणजे आमच्याकडून?"

"हो."

"असं कसं लिहिता येईल?" ते खरोखर चकित झाले होते. "विषाणू आहे ना? विषाणू तर हवेत असतो. मग वातावरणातून आला असं लिहू. म्हणजे कुणालाच त्रास नाही."

"आणि तबेल्याची नोटीस?"

"ती काढली तर लोक विचारतील मग रोग कुठून आला." साहेबांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. सर खाली मान घालून कागद चाळत होते. टेबलाभोवतीच्या एवढ्या शिकलेल्या लोकांत एकालाही यात काही गैर वाटलं नाही. चहा आला आणि सगळ्यांच्या तोंडावर तरतरी आली.

मी दर्यापूरला जाऊन दूधवाल्याला सगळं सांगितलं. कुणाची परवानगी घेतली नाही. त्याने ऐकून घेतलं, आणि लगेच रस्त्यावर जाऊन भोंग्याच्या आवाजात सुरू केलं, "ऐका हो! मशीननं सांगतलं, बीमारी मंडपातली हाय!" लोक थांबले, हसले, पुढे गेले. दारावरच्या कागदाला शिक्का होता, याच्या आवाजाला नव्हता. त्याची रोजची गिऱ्हाइकं, जी वर्षानुवर्षं त्याचं पाणी पीत आली होती, ती आता पिशवीतलं दूध घेत होती आणि त्याच्या दारावरून जाताना पदर नाकाशी लावत होती. हे गाव माझ्या मनातून उतरलं ते तेव्हापासून.

पुढे काही आठवड्यांनी त्याचा प्रयोगशाळेत फोन आला. नोटीस निघाली होती. साहेब स्वतः येऊन, कागद फाडून, पाठीवर हात ठेवून गेले होते. मला क्षणभर वाटलं की बैठकीतलं माझं बोलणं कुठेतरी लागलं. मी लगेच जीप धरली.

तो तबेल्याच्या दारात खाटेवर बसला होता. दारावर कागदाच्या जागी गोंदाचा चौकोन राहिला होता.

"गाईचा दुसरा लॉट येऊन राहिला," तो म्हणाला. "पाहुन्याईची तारीख अजून ठरली नाई. मंडपामागं पानी साचलं, जागा नाई. म्हून सायब आले. तबेला साफ हाय म्हने आता, बांधा गाई."

मी म्हटलं, नाही म्हणा. तोच विषाणू जमिनीत बसलाय, मंडपामागेही आणि इथेही. नवी वासरं येतील तशी मरतील. तबेला धुऊन काही दिवस मोकळा ठेवायला हवा. मी बराच वेळ बोलत होते आणि तो, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, मधे बोलला नाही.

"नाई म्हनलं त मी बीमार," तो शेवटी म्हणाला. "हो म्हनलं त वासरं बीमार. तुमीच सांगा, काय म्हनाव?"

मी दारावरचा गोंद नखाने खरवडू लागले.

"मी हो म्हनलं," तो उठत म्हणाला. आत पोरं दावणी मोकळ्या करत होती, त्यांच्यावर तो एकदा खेकसला आणि मग माझ्याकडे वळला. "ट्रक आले की फोन करतो. तुमी पन या मॅडम, थर्मास घिऊन. तुमाले नमुने लागतेतच."

त्याच्या आवाजात राग नव्हता, तिरस्कार होता, आणि त्यात साहेब, सर आणि मी असे आम्ही तिघेही एकाच मापाने मोजलेले होतो. ट्रक आले तेव्हा त्याने फोन केला. मी थर्मासात बर्फ भरला आणि दर्यापूरच्या जीपमध्ये जाऊन बसले.